अपील चालू असताना मूळ दाव्यात दुरुस्ती : कुणाची झालीय का?

तापीकाठचा :

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आलोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं केळीचं वावर तापीपासून तीनेक किलोमीटरवर आहे. पूर्वेचा शेजारी दर नांगरटीला बांध कोरायचा. २०१४ साली आण्णांनी (वडील, आता ७४ वय) तालुक्याच्या कोर्टात निरंतर मनाईचा दावा टाकला. शेजाऱ्याने आमच्या वहिवाटीला हरकत करू नये, एवढीच मागणी. निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) मनाई काही मिळाली नाही. मग जून २०१६. आम्ही केळीची मृगबाग लावायच्या तयारीत, आण्णा जळगावला दवाखान्यात. त्या चार दिवसांत शेजाऱ्याने जेसीबी लावून बांधच उचलला आणि पाच मीटर आमच्या अंगाला सरकवून ठेवला. लांबी १२० मीटर. म्हणजे ६ आर (६०० चौरस मीटर) गेले. शहरातल्या मंडळींना ६ आर म्हणजे चिल्लर वाटेल, पण पाच बाय पाच फुटांवर अडीचशे खोडं बसतात त्यात.

तेव्हाच्या वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मनाईचा दावा चालूच आहे ना, साक्षीत येईल ते." साक्षीत आलं. २०२२ ला निकाल : दावा नामंजूर. का, तर वादीचा कब्जा नाही आणि वादीने ताबा मागितलेलाच नाही. ज्याने घेतलं त्याचा कब्जा, म्हणून त्याला मनाई नाही!

जिल्हा कोर्टात अपील केलंय. आता नवे वकील म्हणतात, अपिलातच मूळ दावा दुरुस्त करून घेऊ, मालकी जाहीर करून द्या आणि ताबा द्या अशा दोन मागण्या वाढवू. असं होतं का? आणि झालं तर सगळं पहिल्यापासून सुरू होणार का? आण्णांचं म्हणणं एकच, "माझ्या हयातीत तुकडा लागणार असेल तर कर, नाहीतर राहू दे."


शेवभाजी :

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.


तापीकाठचा :

@शेवभाजी, न चढून बघितलं भाऊ. २०१४ च्या आधी सात वर्षं नाहीच चढलो. तेव्हाच बांध सरकायला लागला.


साक्रीकर :

सरकारी काम आन् सहा महिना थांब. कोर्टनं काम आन् सहा वरीस थांब भाऊ.


भुसावळ जंक्शन :

सहा? आमच्या चुलत्यांच्या वाटणीचा दावा माझ्या बारशाच्या वर्षीचा. परवा माझ्या मुलाचं जावळ झालं. बाकी चालू द्या.


काळा कोट :

धुळ्यात वकिली करते, दिवाणी कामं जास्त. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हा सल्ला न मानता माहिती म्हणून घ्या.

आधी सरळ उत्तर. होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ मध्ये शब्दच 'कामकाजाच्या कोणत्याही टप्प्यावर' असे आहेत. अपील ही दाव्याचीच पुढची पायरी मानतात, आणि कलम १०७ (२) ने अपिलाच्या कोर्टाला मूळ कोर्टाचे सगळे अधिकार दिलेत. तेव्हा जिल्हा कोर्ट तुमचा दावा अर्ज दुरुस्त करायला परवानगी देऊ शकतं.

पण. १ जुलै २००२ पासून त्याच नियमाला एक परंतुक (अपवादाची अट) जोडलेलं आहे. दाव्याची सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणार नाही, 'पुरेशी तत्परता दाखवूनही हा मुद्दा आधी आणता आला नसता' असं कोर्टाचं मत झालं तरच मिळेल. त्या तारखेआधी दाखल झालेल्या दाव्यांना ते लागू नाही, तुमचा २०१४ चा असल्याने तुम्हाला लागू आहे. सुनावणी कधी सुरू झाली म्हणायची? साक्षीदाराचं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे त्याची लेखी साक्ष, दाखल झाली की. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालात ते स्पष्ट केलंय.

म्हणून मला एकच तारीख सांगा. आण्णांचं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र कधीचं?


तापीकाठचा :

ताई, रोजनामा (कोर्टातली तारखांची नोंद) काढून बघितला. मार्च २०१८.


काळा कोट :

मग हीच गोम आहे. बांध जून २०१६ ला सरकला, प्रतिज्ञापत्र मार्च २०१८ ला. मधले २१ महिने दुरुस्तीचा रस्ता मोकळा होता. समोरचा वकील उभा राहून पहिलं वाक्य हेच बोलेल. 'आमच्या वकिलांनी सांगितलं नाही' याला कोर्ट फार भाव देत नाही, आणि दरवेळी द्यावा असंही मला वाटत नाही.


निवृत्त नाझर :

३४ वर्षं कोर्टात काढली, कारकून म्हणून लागलो आणि नाझर (कोर्टाच्या कचेरीतला अधिकारी) म्हणून उतरलो. कायद्याचं ताई सांगतायत, मी टेबलाखालचं सांगतो. टेबलाखालचं म्हणजे बस्ता, दाव्याच्या कागदांचं गाठोडं हो, भलतं समजू नका.

दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला म्हणजे दावा दुरुस्त झाला असं नाही! मंजुरीनंतर कोर्टाने दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, ती दुरुस्ती मूळ दाव्याच्या कागदावर घालावी लागते. त्याच ऑर्डर ६ चा रूल १८. आमच्याकडे लाल शाईने. वकील किंवा त्यांचा कारकून यायचा, आम्ही बस्ता सोडून द्यायचो, तो कडेच्या समासात बारीक अक्षरात लिहायचा, 'निशाणी अमुक वरील हुकुमाप्रमाणे दुरुस्ती' आणि खाली सही-तारीख. मजकूर मोठा असला तर कागद जोडायचा. जुन्या दाव्यांचे कागद पिवळे पडून कडा पापडासारख्या मोडायच्या, त्यावर लिहिणं म्हणजे कसरत. मी एकाला लिहिता लिहिता अख्खा कोपरा हातात आलेला पाहिलाय.

आणि किती जण विसरायचे! हुकूम मिळाल्याच्या आनंदात पेढे वाटून गावी जायचे. दोन वर्षांनी अर्ग्युमेंटच्या दिवशी साहेब दावा उघडून विचारायचे, दुरुस्ती कुठंय? मग पळापळ, मुदत वाढवून द्या म्हणून अर्ज, वर दंड.

अपिलात आणखी एक. दाव्याचं मूळ रेकॉर्ड खालच्या कोर्टातून वर यावं लागतं. ते आलंय का बघा.


केळीवाली सून :

@निवृत्त नाझर काका, पापडासारख्या कडा वाचून आमच्या घरचे सातबारे आठवले. सासऱ्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा धान्याच्या कोठीत ठेवला होता. उंदराने बरोबर इतर हक्काचा रकाना खाल्ला.


शेवभाजी :

उंदीर बँकेचा माणूस असणार. बोजा उतरवला त्याने.


जळगाव-पुणे-जळगाव :

मला एक कळत नाही. एवढा आटापिटा कशाला? दावा काढून घ्यायचा आणि नवा टाकायचा, नीट, सगळ्या मागण्या घालून. आमच्या मेहुण्यांनी तसंच केलं होतं, काही त्रास झाला नाही.


काळा कोट :

मेहुण्यांचा निकाल लागायच्या आधी काढला असेल. निकाल विरुद्ध गेल्यावर अपिलात 'दावा काढून घेतो, नवा टाकायची मुभा द्या' म्हणणं वेगळं. ऑर्डर २३ रूल १ प्रमाणे दाव्यात औपचारिक दोष आहे किंवा तसंच सबळ कारण आहे हे दाखवावं लागतं. समोरच्याने एक निकाल मिळवलेला असतो, तो असा पुसून टाकायला कोर्ट सहजी तयार होत नाही. आणि मुभा मिळाली तरी ऑर्डर २३ रूल २ : मुदत मोजताना पहिला दावा झालाच नव्हता असं धरायचं. म्हणजे गेलेली वर्षं तुमच्या खात्यात जमा होत नाहीत. नव्या दाव्याचं मी नाही म्हणत नाही, त्यावर येते नंतर. मुदतीचा हिशेब न करता दावा काढू नका, इतकंच.


सौदापावती :

आमचं जिराईत घ्यायचं ठरलं होतं, विसार देऊन. मालक फिरला. कराराच्या पूर्ततेचा दावा टाकला, त्यात ताबा मागायचाच राहिला. वकील म्हणाले ताब्याची दुरुस्ती कधीही करता येते, अपिलात काय, नंतरही. तसा कायदाच आहे म्हणे. मग तापीकाठचा भाऊंना कशाला अडचण?


काळा कोट :

तुमचे वकील बरोबर आहेत, पण ते तुमच्या प्रकारच्या दाव्यापुरतं. विशिष्ट साहाय्य अधिनियम १९६३, कलम २२. खरेदीच्या कराराची पूर्तता मागताना ताबा, वाटणी किंवा विसाराची परतफेड मागायची राहिली तर कामकाजाच्या कोणत्याही टप्प्यावर दुरुस्ती द्यावी असं तिथं लिहिलंय. दरखास्तीच्या (निकालाच्या अंमलबजावणीच्या) टप्प्यावरसुद्धा दिलेली आहे, १९८२ चा बाबूलाल विरुद्ध हजारीलाल हा निकाल त्यावरच. बांधाच्या भांडणाला हे कलम लागत नाही. इथं ६/१७ आणि त्याचं परंतुक, एवढीच वाट.


प्रतिवादी क्रमांक दोन :

नाव बघून समजलंच असेल मी कुठल्या बाजूचा ते. धाग्यावर सगळे वादीच दिसतायत, म्हणून लिहितो.

गावठाणातली भिंत. आमच्या वडिलांवर दावा, मनाईचा. वडील २०११ ला जिंकले. समोरच्याने अपील केलं, ठीक, त्याचा हक्क. सहा वर्षं अपील पडून. मग २०१७ ला त्याने वकील बदलला आणि अर्ज आला : मूळ दाव्यात दुरुस्ती हवी, भिंत पाडून जागेचा ताबा हवा. आम्ही म्हटलं साहेब, आम्ही ज्या दाव्याला उत्तर दिलं तो दावा जिंकलो, आता खेळ संपल्यावर पत्ते बदलायचे? अर्ज मंजूर. आम्हाला खर्च मिळाला १५०० रुपये. प्रकरण परत खाली. आजपर्यंत चालू आहे.

आमचा मुख्य साक्षीदार गावचा जुना कोतवाल. भिंत कुणी, कधी, कुणाच्या देखत बांधली हे त्यालाच माहीत. पहिल्या दाव्यात प्रश्न कब्जाचा होता, तेवढंच त्याला विचारलेलं. आता प्रश्न भिंतीचा, आणि कोतवाल २०१५ ला वारला. मेलेला माणूस पंधराशे रुपयांत परत येत नाही.

तेव्हा तापीकाठचा भाऊ, तुमचं नुकसान खरं आहे, मान्य. पण अपिलात दुरुस्ती ही फुकटची सोय नाही, तिची किंमत कुणीतरी भरतो.


तापीकाठचा :

वाचून गप्प झालो भाऊ. आमच्या शेजाऱ्याबद्दल मला तसूभर दया नाही, पण तुमचं म्हणणं खोटं नाही.


काळा कोट :

@प्रतिवादी क्रमांक दोन, तुमच्या केसमध्ये मी तुमच्या बाजूने असते तर कोतवालाचा मृत्यूचा दाखलाच म्हणण्यासोबत लावला असता. कारण कसोटी नेमकी तीच आहे, आणि ती जुनी आहे. मुंबई हायकोर्टाचा १९०९ चा निकाल, किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा. गोष्ट ऐका, तापीकाठचा भाऊंच्या जवळची आहे. वादी म्हणाले, आमची प्रतिवादीशी भागीदारी, आम्ही ४००१ रुपयांचं कापड दिलं, भागीदारी मोडून हिशेब द्या. खालच्या कोर्टाने कापड दिल्याचं मानलं, पण म्हणालं ही भागीदारीच नव्हे, दावा चालत नाही. वादी अपिलात गेले आणि तिथं म्हणाले, बरं, मग आमचे ४००१ तरी द्या, दावा दुरुस्त करू द्या. तोवर पैशाच्या मागणीची मुदतही संपलेली. तरी हायकोर्टाने दुरुस्ती योग्य ठरवली. का? वस्तुस्थिती तीच होती, नवं काही घुसडलं नव्हतं, फक्त मागण्याची तऱ्हा बदलली. आणि समोरच्याचं जे नुकसान होईल ते खर्च देऊन भरून निघण्यासारखं होतं. पैशाने भरून न निघणारं नुकसान असेल तर दुरुस्ती नाही. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये पिरगोंडा पाटलांच्या केसमध्ये हीच कसोटी उचलून धरली, आजही युक्तिवादात निघते.

आता मुदतीचं. मालकीच्या जोरावर ताबा मागायचा तर १२ वर्षं, मुदत अधिनियमाचा अनुच्छेद ६५. तुमचे १२ वर्षं जून २०१६ पासून मोजले तर जून २०२८. अजून हातात आहेत. हा तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा. संपथकुमार विरुद्ध अय्याकन्नू, २००२ : मनाईचा दावा १९८८ चा, ११ वर्षांनी दुरुस्तीचा अर्ज, मालकी आणि ताब्यासाठी. सुप्रीम कोर्ट म्हणालं, याच कारणावर नवा दावा टाकता येत असेल तर दुरुस्ती नाकारून दोन दावे कशाला करायला लावायचे? मात्र नवी मागणी दुरुस्तीच्या अर्जाच्या तारखेलाच केली असं धरा. पण तिथं साक्षीपुरावा सुरू झालेला नव्हता, तुमचा संपून निकाल लागलाय. समोरचा वकील शहाणा असेल तर हा फरक दाखवणारच.

आणि हो, मालकी जाहीर करण्याची मागणी कशासाठी घालतायत तुमचे वकील? शेजारी तुमचा गटच तुमचा नाही म्हणतोय का?


तापीकाठचा :

नाही. तो म्हणतो बांध बापजाद्यांपासून इथंच आहे.


काळा कोट :

मग ते हद्दीचं भांडण झालं, मालकीचं नव्हे. जाहीर करून मागायची मुदत अनुच्छेद ५८ खाली तीन वर्षं. विनाकारण ती मागणी घातलीत तर समोरच्याच्या हातात आयती काठी : 'तीन वर्षं केव्हाच उलटली.' ताबा मागा, मोजणीप्रमाणे हद्द कायम करून मागा. तुमच्या वकिलांशी बोला, माझं ऐकून त्यांच्याशी भांडू नका.


खापरावरचे मांडे :

काय सुंदर धागा चाललाय. दिवाणीचं एवढं वाचून मला फौजदारी डाळ खावीशी वाटायला लागली.


शेवभाजी :

फौजदारी डाळीचा निकाल तरी त्याच दिवशी लागतो. दिवाणी डाळ असती तर शिजायला तीन पिढ्या.


केळीवाली सून :

आणि शिजल्यावर कळलं असतं की मीठ घालायचं राहिलं, आता अपिलात घाला.


प्रतिवादी क्रमांक दोन :

आणि मीठ घातल्याबद्दल समोरच्या ताटाला १५०० रुपये खर्च.


सातपुडा :

विषयाला धरून, पण थोडं वेगळं. आमचं निशाणी ५ नामंजूर झालं, त्याविरुद्ध किरकोळ अपील केलं जिल्ह्याला. ते चालू असताना दाव्यात दोन सहहिस्सेदारांना प्रतिवादी म्हणून घ्यायचं होतं. आम्ही दुरुस्तीचा अर्ज जिल्हा कोर्टात लावला. साहेब म्हणाले, माझ्यासमोर फक्त मनाईचा हुकूम आहे, दावा खालीच जिवंत आहे, तिकडे जा. खाली गेलो तर रेकॉर्ड वर पाठवलेलं! १४ महिने गेले, बस्ता नुसता वरखाली. शेवटी खालच्याच कोर्टात दुरुस्ती झाली. तेव्हा अपील कशाविरुद्ध आहे ते आधी बघा. हुकूमनाम्याविरुद्ध (दाव्याच्या अंतिम निकालाविरुद्ध) असेल तर वर, मधल्या हुकुमाविरुद्ध असेल तर खाली.


काळा कोट :

अगदी. आणि नवा प्रतिवादी जोडला की त्याच्यापुरता दावा तो जोडला त्या दिवशी दाखल झाला असं सर्वसाधारणपणे धरतात. मुदत अधिनियम कलम २१. ते पाहिलंत ना?


सातपुडा :

वाटणीचा दावा आहे ताई, मुदतीतून बचावलो.


भुसावळ जंक्शन :

माझा मूलभूत प्रश्न. अपिलाचा मेमो दुरुस्त करणं आणि दावा दुरुस्त करणं एकच का?


निवृत्त नाझर :

नाही हो. मेमोत कारणं असतात, खालच्या साहेबांचं कुठं चुकलं याची. ती वाढवायची तर अपिलाच्या कोर्टाची परवानगी घेऊन वाढवता येतात. त्याने दाव्यातली मागणी बदलत नाही. पुष्कळ लोक मेमोत 'ताबा द्यावा' लिहून मोकळे होतात. दाव्यात जे मागितलंच नाही ते अपिलाच्या कागदावर लिहून कुठून मिळणार?


तापीकाठचा :

काल रात्री आण्णांना घेऊन निकालपत्र पुन्हा वाचलं. २३ पानं. आजवर आम्ही फक्त शेवटचं पान वाचलं होतं, 'दावा खर्चासह नामंजूर'. या वेळी मुद्दे आणि त्यांची उत्तरं बघितली. चार मुद्दे आहेत. पहिला, वादी गटाचा मालक आहे का : 'होय, वाद नाही.' दुसरा, दाव्याच्या तारखेला कब्जा होता का : 'होय.' तिसरा, प्रतिवादी हरकत करतो का. इथं साहेबांनी लिहिलंय की दावा चालू असताना बांध सरकवल्याचं वादी म्हणतो, पण मोजणीच्या नकाशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला तपासलेलं नाही, म्हणून नकाशा शाबीत नाही. आणि ते खरं धरलं तरी वादी आता कब्जात नाही, ताबा मागितलेला नाही. चौथा, मनाई मिळावी का : 'नाही.'

आण्णा म्हणाले, "म्हणजे मालक मीच ना? एवढं तरी लिहिलंय." तीन वर्षं त्यांना वाटत होतं की कोर्टाने जमीन आपली नाही म्हणून सांगितलं.


केळीवाली सून :

हे वाचून पोटात तुटलं.


काळा कोट :

हे निकालपत्र तुम्ही समजत होता त्यापेक्षा खूप बरं आहे. मालकीवर तुमच्या बाजूने. दाव्याच्या तारखेला कब्जा, तेही तुमच्या बाजूने. म्हणजे ताबा गेला तो दावा टाकल्यानंतर. ते नंतर घडलेलं कारण आहे, त्यामुळे पहिल्याच दाव्यात का नाही मागितलं हा ऑर्डर २ रूल २ चा आक्षेप इथं टिकायला अवघड. समजा दुरुस्ती नाकारली, तरी जून २०२८ च्या आत ताब्याचा स्वतंत्र दावा टाकता येईल. फक्त तिसऱ्या मुद्द्यातलं 'नकाशा शाबीत नाही' हे वाक्य तसंच अंगावर घेऊ नका, अपील त्यावर लढवाच.

आता तुमचा जुना प्रश्न, सगळं पहिल्यापासून होणार का. दुरुस्ती मंजूर झाली तर शेजारी जादा कैफियत (लेखी उत्तर) देईल. मग जिल्हा कोर्टाला तीन वाटा. स्वतःच जादा पुरावा घेणं. किंवा एखादा मुद्दा ठरवून खालच्या कोर्टाकडून फक्त त्यावर पुरावा आणि निष्कर्ष मागवणं, ऑर्डर ४१ रूल २५, अपील स्वतःकडेच ठेवून. किंवा सगळंच परत पाठवणं. तुम्ही दुसरी वाट मागा. मुद्दा एकच उरलाय, ६ आर कुणाच्या गटात. सोबत ऑर्डर २६ रूल ९ खाली भूमी अभिलेखच्या मोजणी अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून हद्द मोजून मागा, दोघांच्या गटांची एकत्र.

दुरुस्तीत सरकलेल्या पट्ट्याचं वर्णन नीट येऊ द्या. लांबी, रुंदी, चतुःसीमा, सोबत हातनकाशा. 'प्रतिवादीने केलेले अतिक्रमण' एवढंच लिहून हुकूमनामा मिळाला तर उद्या कोर्टाचा बेलिफ वावरात उभा राहून विचारेल, नेमकं कुठून कुठवर? कोर्ट फी वाढेल, पण शेतजमिनीला ती बाजारभावावर नसते, शेतसाऱ्याच्या पटीत असते. घाबरू नका.


जळगाव-पुणे-जळगाव :

म्हणजे मी म्हणत होतो ते नव्या दाव्याचं बरोबर निघालं!


काळा कोट :

अर्धं. जुना काढून नवा नको. जुन्यात दुरुस्ती मागा, नव्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.


निवृत्त नाझर :

एक राहिलं. आण्णांचं वय ७४. वाईट बोलत नाही, पण वादी किंवा प्रतिवादी, कुणीही वारलं तर वारसांना रेकॉर्डवर घ्यायला ९० दिवस. गावात तेराव्याला जेवून येतात आणि कोर्टात सांगत नाहीत. मग अपील गळतं. शेजाऱ्याच्या घरी कुणी नाव असलेलं म्हातारं आहे का बघा.


तापीकाठचा :

त्याची आई प्रतिवादी आहे, क्रमांक दोन.


प्रतिवादी क्रमांक दोन :

मी नव्हे!


साक्रीकर :

हाई बेस्ट शे.


तापीकाठचा :

दीड महिन्याने लिहितोय, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी.

वकिलांना निकालपत्रातला मालकीचा मुद्दा दाखवला. ते म्हणाले, हो, मग जाहीरची मागणी काढू. अर्ज ताबा आणि हद्दीचा झाला. ६/१७ चा एक आणि कमिशनरचा एक, दोन्ही दाखल. तत्परतेच्या परिच्छेदात सगळं खरं लिहिलंय : जून २०१६ चा दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, त्यानंतर तलाठ्याकडे दिलेले दोन अर्ज, मोजणीची पावती. म्हणजे आम्ही झोपलो नव्हतो, चुकीच्या दारात उभे होतो. साहेब मानतील की नाही माहीत नाही. समोरच्याने म्हणणं द्यायला मुदत मागितली, मिळाली. पुढची तारीख २१ ला.

आण्णा त्या दिवशी स्वतः आले होते. बाकावर बसून त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "यंदा त्या पट्ट्यात केळीची कांदेबाग लावतो का?" तो म्हणाला, "हो." आण्णा म्हणाले, "टिश्यूचं लाव, घड चांगला येतो." मला काही सुचेना.


निवृत्त नाझर :

हुकूम झाला की १४ दिवस. लाल पेन आत्ताच घेऊन ठेवा.


तापीकाठचा :

घेतला काका. आण्णांच्या खिशात आहे.